खाणावळीचं मॉडेल, आवृत्ती 4: खाड्याची गाठ सुटली, निदान निम्मी

पुण्यातल्या एका खाणावळीच्या हिशेबासाठी डेटाबेसचं मॉडेल करतोय, म्हणजे कोणती माहिती कोणत्या टेबलात ठेवायची त्याची रचना. आवृत्ती 3 ज्या खाड्यापाशी (आधी कळवून न घेतलेली आणि हिशेबातून वजा होणारी जेवणं) अडली होती, तो अखेर टेबलात बसला. सदाशिव पेठेतल्या खाणावळीचे नियम तेच आहेत: महिन्याचं कार्ड, दोन वेळचं जेवण, रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री बंद, तीन दिवसांहून कमी खाडा धरायचा नाही. तीन दिवस म्हणजे सलग सहा जेवणं.

आधी किरकोळ कामं. 'सभासद' आणि 'कार्ड' ही टेबलं वेगळी केली, हे फळलं. परीक्षा संपली की पोरं गावी जातात आणि जूनमध्ये परत येतात. माणूस तोच, कार्ड नवं. त्यामुळे खाडा कार्डाला जोडायचा, माणसाला नाही. मोबाइल नंबर प्रायमरी की (टेबलातली प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणारी खूण) म्हणून कायमचा बाद. एका खोलीतले दोघे बिनदिक्कत एकच नंबर देतात. कार्डावर दर पुन्हा लिहिला म्हणून 'नॉर्मलायझेशन (एक माहिती एकाच जागी ठेवायचा नियम) मोडलं' हा आक्षेप येतोच. मोडलेलं नाही. योजनेच्या टेबलातला दर हा आजचा दर, कार्डावरचा आकडा म्हणजे त्या दिवशी घेतलेले पैसे. पुढच्या महिन्यात दर वाढला तरी जुनी पावती बदलता कामा नये.

आता खाडा. आवृत्ती 3 मध्ये तो 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखांचा होता. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये डेटरेंज (तारखांचा पट्टा) आणि एक्सक्लूड कन्स्ट्रेंट (टक्कर होणारी ओळ नाकारणारी अट) लावला की एका कार्डावर एकमेकांत घुसणारे दोन खाडे पडत नाहीत. (बीट्री-जिस्ट एक्स्टेन्शन आधी टाका, नाहीतर कार्ड क्रमांकाच्या 'बरोबर'च्या तुलनेवर टेबलच तयार होत नाही.) पोस्टग्रेस 18 मध्ये तर प्रायमरी कीमध्येच 'विदाउट ओव्हरलॅप्स' (एकमेकांत न घुसणारे) लिहिता येतं. सगळं देखणं, पण चुकीच्या जागी. लोक खाडा सांगतात तो 'शुक्रवार रात्रीपासून सोमवार रात्रीपर्यंत' असा. तारखेला दुपार-रात्र कळत नाही, आणि दोन्ही टोकांना 'दुपार/रात्र' असे कॉलम चिकटवले की तुलनेच्या अटी वाचणाऱ्याला घाम फुटतो.

उपाय: खाडा मोजायचं एकक दिवस नाही, एक जेवण आहे. म्हणून प्रत्येक जेवणाची एक ओळ असलेलं टेबल केलं: तारीख, दुपार की रात्र, चालू की बंद, फीस्ट आहे का. नाव आधी 'वेळ' ठेवलं होतं, पण पुढे 'कळवल्याची वेळ' असा कॉलम आला तर घोळ होईल. आता नाव 'पंगत'. वर्षाच्या 730 ओळी, एका क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या एका आज्ञेत) भरतात. खाड्याच्या टेबलात फक्त कार्ड आणि पंगत, आणि दोन्ही मिळून प्रायमरी की. एकमेकांत घुसणारे खाडे आपोआप अशक्य, रेंज नको, एक्स्टेन्शन नको, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवरही चालतं. (तिथे प्रत्येक कनेक्शनला फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलात ती ओळ आहे ना याची तपासणी, चालू करायची आठवण ठेवा. एसक्यूलाइट कंपाइल करतानाच चालू केलेली नसेल तर मुळात ती बंदच असते.)

राहिला प्रश्न 'सलग'चा. युक्ती नेहमीचीच: पंगतीच्या अनुक्रमांकातून त्या कार्डाच्या खाड्याचा अनुक्रमांक वजा करायचा, बाकी सारखी राहील तोवर सलग. शुक्रवार रात्र ही 11 वी पंगत धरा. शुक्रवार रात्र ते रविवार दुपार म्हणजे 11, 12, 13, 14. रविवार रात्र 15, ती बंद. सोमवारच्या 16 आणि 17. खाड्याचे क्रमांक 1 ते 6. बाकी: 10, 10, 10, 10, 11, 11. म्हणजे चार आणि दोन असे तुकडे, सहा कुठेच नाहीत, वजावट शून्य! ज्यानं तीन दिवसांचा खाडा वेळेत कळवला, त्याला रविवारची बंद रात्र नडली.

अनुक्रमांक फक्त चालू पंगतींना द्यायचा, एवढीच दुरुस्ती. मग सोमवारच्या पंगती 15 आणि 16, बाकी सगळीकडे 10, सहाच्या सहा वजा. मात्र हा क्रमांक टेबलात साठवू नका. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीमुळे रात्र बंद ठेवली, की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. व्ह्यूमध्ये (साठवलेल्या क्वेरीत) रो-नंबरनं, म्हणजे ओळी मोजणाऱ्या फंक्शननं, दर वेळी मोजा. कार्डाची शेवटची तारीखही तशीच, साठवायची नाही, हिशेबानं काढायची.

टेबलांमधल्या नात्यांची आकृती काढायच्या साधनांबद्दल एक मत. अप्पा बळवंत चौकात मिळणारी चौकटीची वही आणि पेन्सिल याला तोड नाही. एक ऑनलाइन आकृतीचं टूल रेघ ओढली की दुसरं टोक गुपचूप 'शून्य किंवा एक' करून टाकतं. कावळ्याचा पाय ('अनेक' दाखवणारी रेघेच्या टोकाची तीन फाट्यांची खूण) छान दिसतो आणि नियम मात्र आपण बोललो तो नसतो. म्हणून प्रत्येक रेघ दोन्ही बाजूंनी मोठ्यानं वाचा: 'एका कार्डाचे शून्य किंवा अनेक खाडे, एक खाडा बरोबर एका कार्डाचा.' वाक्य अडखळलं तर नातं चुकलं.

हे लिहिता लिहिताच एक भोक दिसलं. खाडा कळवण्याची मुदत आहे: दुपारसाठी सकाळी 9, रात्रीसाठी दुपारी 4, फीस्टसाठी आदल्या रात्री. ही मुदत कोडात नको, पंगतीच्या ओळीतच हवी, कारण फीस्टचा अपवाद तिथेच सांगता येतो. पण कुणी शुक्रवारी 5 वाजता फोन केला तर? शुक्रवार रात्र मुदतीबाहेर, उरल्या पाच. सहाची अट पूर्ण होत नाही, म्हणजे एका तासाच्या उशिरानं पूर्ण खाडा बुडाला. खाणावळीच्या काकूंना विचारल्यावर उत्तर आलं, "एक रात्रीचं जेवण बुडेल त्याचं, बाकीचं का बुडवू?"

म्हणजे 'आला नाही' आणि 'वजा होईल' ही दोन वेगळी तथ्यं आहेत, आणि आवृत्ती 4 मध्ये ती एकाच ओळीत कोंबलेली आहेत. ओळ असेल तर गैरहजर. वजावट ठरवायला 'कळवलं कधी' हा कॉलम लागेल, म्हणून सलगपणा सगळ्या ओळींवर मोजायचा आणि पैसे फक्त मुदतीतल्या ओळींचे. वरच्या उदाहरणात: सलग सहा, वजा पाच.

आता कळवणं हे वेगळं टेबल करावं असं वाटतंय. शुक्रवारी एक फोन, रविवारी 'अजून दोन दिवस' असा दुसरा. सलगपणा फोनवर नाही, पंगतींवर मोजायचा, तेव्हा नियम बदलत नाही. पण खाडा रद्द केला तर ओळ पुसायची की रद्दची नोंद ठेवायची? पुसली तर महिनाअखेरच्या भांडणात पुरावा उरत नाही. आवृत्ती 5 साठी या पाच खाड्यांचा नमुना डेटा भरून बघतोय: वेळेतला खाडा, उशिराचा, वाढवलेला, रद्द केलेला आणि कार्ड संपता संपता टाकलेला. पाचवा सर्वात वाईट आहे: खाडा जुन्या कार्डात सुरू होतो, चौथी पंगत नव्या कार्डात पडते, आणि सलग सहा कुणाच्याच खात्यात भरत नाहीत.