पार्सलवर मुलीचं नाव घालू नका

लेकीचा खालचा पुढचा दात हलायला लागला तेव्हाच ठरवलं, तिच्या उशीखाली साधं नाणं ठेवायचं नाही. आम्ही कॅनडात, ऑन्टारियो प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला राहतो. इथे पोरं पडलेला दात उशीखाली ठेवतात, रात्री दात-परी तो नेते आणि नाणं ठेवून जाते. माझा दात आजीने कौलांवर फेकायला लावला होता, उंदीरमामासाठी. रॉयल कॅनेडियन मिंटने, म्हणजे इथल्या सरकारी टांकसाळीने, २०११ मध्ये दात-परीचं खास २५ सेंटचं नाणं काढलं होतं. एरवी क्वार्टरवर, म्हणजे २५ सेंटच्या नाण्यावर, कॅरिबू हरीण असतं, त्याच्या जागी परी. एका नाणी विकणाऱ्याकडे ते मिळालं, मागवलं.

परीनेच पाठवलंय असं वाटावं म्हणून पार्सलवर लेकीचं नाव घातलं. तिथेच अडकलं. दाराला चिठ्ठी: सही लागेल, पार्सल औषधाच्या दुकानातल्या पोस्टाच्या काउंटरवर आहे, पंधरा दिवसांत न्या.

मी लायसन्स दाखवलं. नाव जुळत नाही म्हणे. "अहो, माझी मुलगी आहे, सहा वर्षांची." "मग तिचा फोटो आयडी आणा." ऑन्टारियोत साडेपंधरा वर्षांखालच्या मुलांच्या हेल्थ कार्डावर फोटोच नसतो! पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला. दुसऱ्या खेपेला जन्मदाखला नेला, लेकीलाही नेलं. दाखला छोटा, त्यावर आईबापाची नावं नसतात. "तुम्हीच आई कशावरून?" लेक माझं बोट धरून उभी. मागच्या फळीवर तिच्या नावाचं पाकीट मला दिसत होतं. "आई, माझ्यासाठी काय आलंय?" आत्याने काहीतरी पाठवलंय, असं सांगून तिला बाहेर आणलं.

त्याच संध्याकाळी चकली खाताना दात पडला. दोन रात्री तो उशीखाली तसाच. सकाळी उशी उचलून बघायची आणि काही न बोलता परत ठेवायची. त्या काउंटरवरचा माझा राग अजून गेलेला नाही, तो या दोन सकाळींचा आहे.

आईवडिलांची नावं असलेला मोठा दाखला अखेर फायलीच्या तळाशी सापडला. मूल जन्मल्यावर दाखला काढताना हाच काढा, छोट्यावर भागवू नका. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या बाई होत्या, दोन मिनिटांत पार्सल दिलं. तेव्हा खरंच डोळे भरून आले.

आणि हो, लायसन्सवरचा पत्ता सध्याचाच हवा, घर बदललं तर सहा दिवसांत कळवायचं असतं. नाणं कडेने धरा, बोटांचे डाग राहतात. दात हलायची वाट बघू नका, मूल सहाव्या वर्षात आलं की मागवून ठेवा.

सकाळी लेक नाणं उलटंसुलटं करत म्हणाली, "आई, मागे राणी आहे, पण तिचा मुकुट कुठे गेला?"

शेजारचा दात हलतोय. दुसरं नाणं मागवलंय, माझ्या नावाने.