शनिवारी जांभळी नाक्याला

गेल्या वर्षी नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही घोडबंदर रोडला 22व्या मजल्यावर भाड्याने आलो. आई 76 वर्षांची. भाजी मोबाइलवरून, दूध दारात, वरकामाला बाई. तिला जरा आराम मिळावा म्हणून मीच हौसेने सगळी सोय लावली. तीन-चार महिन्यांत ती सकाळी दोन-दोनदा विचारायला लागली, "आज वार कोणता गं?" डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे मला लगेच उंदीर आठवले. (आईला ही तुलना अजिबात आवडलेली नाही.) जर्मनीत ड्रेस्डेनच्या संशोधकांचं 2021 सालचं काम आहे. काही उंदीर साध्या पिंजऱ्यात वाढवले, काही बोगदे-खेळणी असलेल्या ऐसपैस पिंजऱ्यात. डीएनएवर मिथाइलच्या खुणा असतात. एक कार्बन, तीन हायड्रोजन, एवढासाच ऐवज. पण कुठलं जनुक बोलणार आणि कुठलं गप्प बसणार, यात त्याचा हात असतो. डीएनएची अक्षरं तीच राहतात. वय वाढलं की या खुणा विस्कटतात. खेळण्यांतल्या म्हाताऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागात, त्यातल्या काही तरुणपणीसारख्याच टिकल्या होत्या.

मला त्यातलं एकच खटकलं. असल्या प्रयोगांत खेळणी अधूनमधून बदलतात, जागा हलवतात. नुसता भरलेला पिंजरा पुरत नाही. आमचं घर भरलेलंच होतं की!

म्हणून आता दर शनिवारी रिक्षाने जांभळी नाक्याचा भाजीबाजार. तिथे आई वेगळीच असते. मेथीची जुडी उलटी करते, देठ मोडून बघते, आतली पिवळी पानं नेमकी बाहेर काढते. "आजी, वीसला दोन घ्या," म्हटलं की "सकाळपासून पाणी मारलंयस त्यावर," म्हणून पुढे चालू लागते. माझ्याआधी तिचा हिशेब तोंडी झालेला असतो.

तिच्या पेशींत काय चाललंय ते मला कळणार नाही. आईचा हिप्पोकॅम्पस काही चिरून बघता येत नाही. शिवाय ते उंदीर लहानपणापासून तिथे होते, आई 76व्या वर्षी.

परवा परतताना रिक्षात तिने विचारलंच, "आज वार कोणता गं?"

"शनिवार."

"मग ही कारली सोमवारी कर. उद्या पोरं घरी असतात, कोणी तोंड लावणार नाही."