काळी पट्टी कोणाला बांधायची, आणि ती सोडायची कधी

घाटात बस उलटते आणि तासाभरात तीस-चाळीस जखमी एकाच छोट्या रुग्णालयात येतात. तिथे असतात एक-दोन डॉक्टर, तीन-चार सिस्टर, मोजके ऑक्सिजन सिलिंडर. आधी कोणाला बघायचं हे कोणी ठरवलं नाही, तरी ते आपोआप ठरतं. जो जास्त ओरडतो, ज्याचे नातेवाईक आडदांड असतात, ज्याच्यासाठी एखाद्या पुढाऱ्याचा फोन येतो, त्याचा नंबर आधी लागतो. खरं तर ओरडणाऱ्याचा श्वासमार्ग मोकळा असतो, म्हणून तर तो ओरडू शकतो. धोका गप्प पडलेल्याला जास्त असतो. म्हणून जखमींची ठरवून वर्गवारी करणं, म्हणजे ट्रायाज, ज्यांना निर्दय वाटतं त्यांनी ही न ठरवता झालेली निवड आधी डोळ्यांसमोर आणावी.

सर्वात जास्त शिकवली जाणारी पद्धत म्हणजे 'स्टार्ट'. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचचं अग्निशमन दल आणि तिथलं होग हॉस्पिटल यांनी ती १९८३ साली तयार केली. प्रत्येक जखमीला तपासून रंगाची पट्टी बांधायची: लाल म्हणजे उपचार लगेच, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकतो, हिरवा म्हणजे किरकोळ, काळा म्हणजे आत्ता उपचार नाहीत. एका जखमीसाठी ३० ते ६० सेकंद, त्याहून जास्त नाही. आधी मोठ्याने सांगायचं, "ज्यांना चालता येतं, त्यांनी त्या झाडाखाली जा." जे गेले ते हिरवे. उरलेल्यांपैकी जवळच्यापासून सुरुवात करायची. श्वास चालू आहे का? नसेल तर मान नीट करून श्वासमार्ग मोकळा करायचा. श्वास सुरू झाला तर लाल, नाही झाला तर काळा. श्वास चालू आहे, पण मिनिटाला ३० पेक्षा जास्त आहे, तरी लाल. मनगटावर नाडी लागत नसेल तर लाल. मूळ पद्धतीत इथे नख दाबून रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागतात का ते बघत, पण अंधारात आणि थंडीत ते फसतं, म्हणून पुढे मनगटाची नाडी आली. शेवटी "माझा हात दाबा" म्हणायचं. दाबला नाही तर लाल, दाबला तर पिवळा.

या फेरीत उपचार दोनच. श्वासमार्ग मोकळा करायचा आणि भळाभळा वाहणारं रक्त दाबून किंवा पट्टा आवळून थांबवायचं. छाती दाबत बसायचं नाही, सलाईन लावायचं नाही. वर्गवारी करणारा माणूस एकाजवळ थांबला की पुढचे वीस जण कोणी न बघता पडून राहतात. हे काम अनुभवी माणसाला द्यावं आणि त्याच्याकडे दुसरं काहीही देऊ नये. पट्टी हाताला किंवा पायाला बांधायची, कपड्यांना नाही, कारण कपडे कापले जातात. छापील टॅग नसतील तर रंगीत रिबिनी चालतात, त्याही नसतील तर मार्करने कपाळावर लिहावं. पट्टा आवळला असेल तर वेळ लिहायलाच हवी.

आता काळ्या पट्टीचं. एरवी कॅज्युअल्टीत श्वास थांबलेला माणूस आला तर सगळे त्याच्याकडे धावतात. सीपीआरला, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन हृदय चालू करायच्या प्रयत्नाला, कमीत कमी दोन-तीन जण अडकतात, वीस-तीस मिनिटं जातात. मोठ्या मुक्या माराने हृदय थांबलेला माणूस त्यातून वाचण्याची शक्यता फारच थोडी असते. तेवढ्या वेळात त्याच हातांनी दोन-तीन लाल रुग्णांचा रक्तस्राव थांबतो, एखाद्याच्या छातीत अडकलेली हवा बाहेर काढता येते. हा हिशेब कठोर आहे, पण तो कशाचा आहे हे नीट बघावं. किती हात आहेत, किती मिनिटं आहेत आणि या जखमेवर त्यांचा उपयोग किती, एवढंच त्यात मोजलेलं आहे. तो माणूस कोण, किती शिकलेला, कोणाचा बाप, याला त्यात जागा नाही. मला हा नियम मान्य आहे तो याच कारणाने, आणि याच कारणाने त्याला दोन अटी लागतात.

पहिली अट, जखमेचं कारण बघून नियम बदलायचा. वीज पडते तेव्हा हे सर्वात ठळक दिसतं. मराठवाड्यात, विदर्भात पावसाळ्याच्या तोंडावर शेतात काम करणारी माणसं झाडाखाली आडोशाला थांबतात आणि एकाच विजेने तीन-चार जण पडतात. इथे 'स्टार्ट' जशीच्या तशी वापरली तर जे वाचू शकतात त्यांनाच काळी पट्टी बसेल. विजेच्या झटक्याने हृदय थांबतं, पण पुष्कळदा ते आपणहून पुन्हा सुरू होतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र मात्र जास्त वेळ बंद राहतं. त्या काळात कोणी श्वास दिला नाही, तर ऑक्सिजनअभावी हृदय दुसऱ्यांदा थांबतं. उलट ज्यांचा श्वास चालू आहे ते बहुतेक करून वाचतात. म्हणून वीज पडलेल्या ठिकाणी निपचित पडलेल्यांकडे आधी जायचं, श्वास द्यायचा, छाती दाबायची. त्यांच्या अंगात वीज उरलेली नसते, हात लावायला भीती नाही. गावागावांत हे एवढं जरी माहीत झालं तरी फार मोठं काम होईल.

लहान मुलांचंही तसंच. मोठ्या माणसाचा श्वास थांबला असेल तर बहुधा हृदय आधी गेलेलं असतं. मुलांमध्ये श्वास आधी थांबतो आणि हृदय थोडा वेळ तग धरतं. म्हणून मुलांसाठीच्या 'जंपस्टार्ट' पद्धतीत श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास आला नाही, तर नाडी बघतात. नाडी असेल तर पाच श्वास देतात आणि मगच ठरवतात. श्वासाची मर्यादाही वेगळी आहे, मिनिटाला १५ पेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त असला तर लाल.

दुसरी अट, पट्टी कायमची नसते. दुसरी रुग्णवाहिका आली, शेजारच्या तालुक्यातून भूलतज्ज्ञ आले, की हिशेबच बदलतो. मग पट्ट्याही पुन्हा बघायच्या. 'सॉल्ट' नावाच्या पद्धतीत यासाठी राखाडी रंग आहे. श्वास चालू आहे, पण आत्ता हाताशी असलेल्या साधनांत वाचण्याची शक्यता नाही, तो राखाडी. मला हा रंग काळ्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो, कारण 'आत्ता' आणि 'एवढ्याच साधनांत' या दोन्ही गोष्टी त्याच्या व्याख्येतच आहेत. राखाडी रुग्णांना वेगळ्या जागी ठेवावं, वेदना कमी करणारं औषध द्यावं, एक माणूस त्यांच्याजवळ ठेवावा आणि पुन्हा कधी बघायचं ती वेळ पट्टीवर लिहावी. वेळ लिहिली नाही की कोणी परत जात नाही. पिवळ्यांचीही फेरी लागते. पोटात रक्तस्राव होत असलेला तरणाताठा माणूस बराच वेळ ठीक दिसतो आणि मग एकदम कोसळतो. हिरव्यांतूनही काही जण नंतर लाल होतात.

दयेपोटी सगळ्यांनाच लाल पट्टी बांधण्याचा मोह मोठा असतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. २००२ साली कॅलिफोर्नियात प्लासेन्शिया इथे रेल्वेची धडक झाली. तिथल्या १४८ जखमींच्या नोंदी नंतर तपासल्या, तेव्हा ६६ जणांची वर्गवारी बरोबर निघाली, ७९ जणांना गरजेपेक्षा वरचा रंग मिळाला होता आणि तिघांना खालचा. कोणाचा जीव धोक्यात जाऊ नये म्हणून थोडं वरच्या बाजूला चुकणं ठीक. पण वीस लाल पट्ट्यांमध्ये खरे लाल सहाच असतील, तर त्या सहांना शस्त्रक्रियेच्या टेबलासाठी उरलेल्या चौदांमागे रांगेत राहावं लागतं. बॉम्बस्फोटांच्या अभ्यासांत ही अतिरिक्त लाल संख्या वाढली की गंभीर जखमींमधले मृत्यूही वाढलेले दिसले आहेत. त्यात चालू शकणारे जखमी रिक्षा-जीपने आधी पोहोचतात आणि जवळचं रुग्णालय भरून टाकतात. गंभीर जखमी रुग्णवाहिकेतून नंतर येतात. म्हणून पहिल्या लाटेतच सगळी टेबलं देऊन टाकू नयेत.

माणूस कोण हे बघायला लागलं की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सिएटलच्या डायलिसिस केंद्रात यंत्रं थोडी आणि मूत्रपिंडं निकामी झालेले रुग्ण पुष्कळ होते. डॉक्टरांनी वैद्यकीय चाळणी लावली, ४५ वर्षांवरच्यांना वगळलं, मुलांनाही वगळलं. उरलेल्यांतून निवडायला सात नागरिकांची समिती बसली. त्यात वकील, धर्मोपदेशक, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता आणि एक सर्जन होते. त्यांनी उत्पन्न, शिक्षण, मुलं किती, चर्चला जातो का, असं सगळं बघितलं. १९६२ साली एका मासिकातून हे लोकांपुढे आलं आणि मोठी टीका झाली. ते लोक वाईट नव्हते. प्रत्येकाने आपल्यासारख्या आयुष्याला जास्त किंमत दिली, एवढंच झालं, आणि सातही जण कमी-जास्त प्रमाणात एकाच प्रकारचं आयुष्य जगणारे होते. १९७२ साली अमेरिकी संसदेने डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यातून द्यायचा कायदा केला, तेव्हा ती निवडच संपली.

आकड्यांनी मोजलं म्हणजे हा धोका टळला असंही नाही. मार्च २०२० मध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने कोविडच्या अतिदक्षता उपचारांसाठी अशक्तपणाची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी सुचवली. ती ६५ वर्षांवरच्या माणसांसाठी बनलेली. पण तिच्यात रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, हे मोजलं जातं. म्हणजे सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) असलेला, एरवी धडधाकट तरुणही 'अशक्त' ठरणार. अपंगांच्या संघटनांनी हरकत घेतली आणि पाच दिवसांत, २५ मार्चला, तो मजकूर बदलावा लागला. कोणतीही मोजपट्टी हाती घेताना ती कोणावर तपासली होती, हे आधी विचारावं.

राहतो तो प्रसंग, जिथे दोघांची शक्यता सारखी आणि यंत्र एकच. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन टॉरेक यांनी १९७७ साली लिहिलं, की पाच जण वाचवायचे की एक, हे ठरवतानाही संख्या बघू नये, नाणं उडवावं, कारण जाणाऱ्या प्रत्येकाचं सगळंच जातं. पाच विरुद्ध एक असताना मला ते पटत नाही. शक्यता सारखी असताना मात्र त्यांचंच बरोबर आहे. न्यूयॉर्क राज्याच्या २०१५ च्या व्हेंटिलेटर नियमावलीतही वाचण्याची शक्यता सारखी असलेल्या एकाच गटातल्या रुग्णांमध्ये चिठ्ठ्याच टाकायला सांगितलं होतं आणि ४८ व १२० तासांनी पुन्हा तपासायला. चिठ्ठी टाकायची असेल तर रुग्णावर उपचार न करणाऱ्या माणसाने टाकावी, निकाल वेळेसह लिहून ठेवावा, आणि दोन्ही कुटुंबांना एकाच माणसाने, एकाच शब्दांत सांगावा.