उसाच्या गाड्या आणि डिझेलची लाईन

गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, पण आमच्या पंप रूमला, म्हणजे डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानाला, गर्दी दसऱ्याच्या आधीच लागते. कराडच्या आसपास ऊस ओढणारे ट्रक पावसाळाभर घरामागे नाहीतर शेताच्या कडेला उभे असतात. टाकीत तळाला थोडं डिझेल, वर सगळी दमट हवा. रात्री पत्रा गार झाला की त्या हवेतलं पाणी टाकीला आतून सुटतं. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी जाऊन बसतं. चार महिन्यांनी मालक स्टार्टर मारतो तेव्हा लाईनमध्ये आधी ओढलं जातं ते हेच. म्हणून गाडी पावसाळ्यासाठी उभी करताना टाकी गच्च भरा, असं मी प्रत्येकाला सांगतो. डिझेलमध्ये पैसे अडकतात हे मला कळतं. पण गंजलेल्या पंपाचं बिल त्याहून फार मोठं येतं.

जुन्या सहा सिलिंडरच्या गाडीत फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो. वाटेत पाणी साठायची वाटी असते. पुढे फिल्टर, मग इंजेक्शन पंप, तिथून प्रत्येक सिलिंडरला एक स्टीलचा पाइप आणि पाइपाच्या टोकाला फवारा मारणारा इंजेक्टर. जास्तीचं डिझेल रिटर्न लाईनने परत टाकीत. ते सहा पाइप नीट बघा. जवळच्या सिलिंडरचा पाइपही वळसे घेत गेलेला दिसेल. सगळ्यांची लांबी सारखी ठेवावी लागते, नाहीतर एका सिलिंडरला फवारा आधी मिळेल आणि दुसऱ्याला उशिरा. फुटलेला पाइप कापून, आखूड करून बसवलेला दिसला की मला मनापासून राग येतो.

इंजेक्शन पंपाची खरी करामत प्लंजरमध्ये, म्हणजे बॅरल नावाच्या नळीत वरखाली होणाऱ्या दांड्यात आहे. पेडल कितीही दाबा, प्लंजर दर वेळी तेवढाच वर जातो. त्याच्या अंगावर तिरकी खाच असते. पेडलमुळे हलणारी पट्टी, म्हणजे रॅक, सरकला की प्लंजर स्वतःभोवती जरासा फिरतो, आणि खाच बॅरलच्या भोकासमोर लवकर येते की उशिरा यावर डिझेल किती जाणार ते ठरतं. खाच भोकासमोर आली की दाब सुटतो आणि फवारा तिथेच तुटतो. जर्मनीच्या बॉश कंपनीने असे पंप १९२७ साली कारखान्यात बनवायला घेतले. आपल्याकडे १९५१ साली बंगळूरला बॉशशी जोडलेली मायको कंपनी उभी राहिली, आणि पुढे नोझल, म्हणजे इंजेक्टरची फवारा मारणारी टोकं, आपल्या नाशिकला बनू लागले. एवढ्या वर्षांनीही तो प्लंजर हातात घेतला की ज्याने ही खाच सुचवली त्याच्याबद्दल मला आदर वाटतो.

प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची, माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. मध्ये रिंग नाही, वेगळं ऑइल नाही. डिझेलच त्याचं वंगण. म्हणून पाणी आलं की गंज, रॉकेलची भेसळ आली की कोरडं घासणं, आणि धूळ आली की ओरखडे. प्लंजर आणि बॅरल जोडीनेच घासून बनवलेले असतात. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालायचा नसतो. धुतल्यावर पुसायला कापूस नको, जुन्या बनियनची चिंधीही नको, त्याचे धागे राहतात.

हंगामाच्या तोंडावर सगळ्यात जास्त तक्रार असते एअर धरण्याची, म्हणजे डिझेलच्या लाईनमध्ये हवा शिरण्याची. "वस्ताद, थेंबसुद्धा गळत नाही, मग हवा शिरते कुठनं?" असं ड्रायव्हर विचारतात. थेंब गळत नाही हीच तर खूण. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात दाब नसतो, ओढ असते. तिथे पाइपाला चीर पडली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. कडक झालेला रबरी पाइप, बांजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) दबलेले तांब्याचे वॉशर, नीट न बसलेला फिल्टरचा ओरिंग, यातलं काहीतरी निघतंच. त्या भागात थोडा वेळ पारदर्शक पाइप लावला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. वॉशर मात्र दर वेळी नवे घाला. वॉशर वाचवून नंतर लाईन दोनदा खोलण्यात काही फायदा नाही.

नोझल आम्ही हातपंपाच्या टेस्टरवर लावतो. ठरलेल्या दाबाला, बऱ्याच जुन्या गाड्यांत २०० ते २५० बारच्या दरम्यान, तो करकर आवाज करत उघडला पाहिजे आणि फवारा धुक्यासारखा पडला पाहिजे. मग दाब उघडण्याच्या दाबापेक्षा २० बार कमी ठेवून दहा सेकंद धरायचा. टोकाला थेंब लटकला तर तो नोझल माझ्या दुकानातून परत गाडीत जात नाही. तसा नोझल सिलिंडरमध्ये थेंब थेंब डिझेल सोडतो आणि पिस्टनचा माथा जाळतो.

"पंप जरा वाढवून द्या, चढाला ओढत नाही," अशी मागणीही येते. कुंभार्ली घाटात भरलेली गाडी दमली की माणूस चिडतो, मला कळतं. पण हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणजे काळा धूर, तापलेलं इंजिन आणि वाढलेला खर्च. बहुतेक वेळा फिल्टर चोंदलेला असतो किंवा एअर क्लीनर. ते आधी बघा. डिझेल वाढवायचा स्क्रू मी फिरवत नाही.

एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमाच्या, झाल्या आणि पंप रूममध्ये येणारी चूक बदलली. आता पंप रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना जोडलेली एकच जाड नळी, दाबाने भरून ठेवतो आणि इंजेक्टर कधी उघडायचा हे कॉम्प्युटर सांगतो. दाब १६०० बार, काही गाड्यांत २००० पर्यंत. नवा फिल्टर घालताना कॅनमधलं डिझेल आत ओतायची जुनी सवय इथे इंजेक्टर मारते, कारण ओतलेलं डिझेल फिल्टरच्या पलीकडच्या स्वच्छ बाजूला जातं. फिल्टर कोरडाच बसवा आणि हँड प्रायमरने भरा.

दुसरी सवय जास्त धोक्याची. मिसिंग, म्हणजे कोणता सिलिंडर नीट पेट घेत नाही ते, शोधायला चालू इंजिनवर एकेक पाइपाचा नट ढिला करायची रीत जुन्या गाडीत चालत होती. अशा रेलच्या, म्हणजे कॉमन रेलच्या, गाडीवर हे करायचंच नाही. इंजिन बंद करून, कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबून, मगच पान्याला हात लावा. गळती बोट फिरवून शोधू नका, पुठ्ठा धरा. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि बाहेर फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फार दुखतही नाही. तरी तडक मोठ्या हॉस्पिटलात जा, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की जास्त दाबाचं डिझेल आत गेलंय. नुसती पट्टी बांधून घरी पाठवत असतील तर घरी जाऊ नका.