तोंडाचा वास आणि लायसन्स

आज लोहगाव विमानतळावर दीड तास बसून होतो. विमान समोर उभं, वैमानिक पोचायचे होते. शेजारचे काका वैतागून म्हणाले, "प्यायला बसले असतील!" मी हसलो, पण डोक्यात चक्र सुरू झालं.

आपल्याकडे उड्डाणाआधी १२ तास दारू वर्ज्य. नळीत फुंकायचं, आकडा शून्यच यायला हवा. डीजीसीएचा (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) हिशोब सरळ: पहिल्यांदा सापडला तर ३ महिने लायसन्स निलंबित, दुसऱ्यांदा ३ वर्षं, तिसऱ्यांदा कायमचं रद्द. माउथवॉशसुद्धा चालत नाही!

इथे मला दया येत नाही. २०२३ मध्ये दुबई-दिल्ली विमानात वैमानिकाने मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवलं, तेव्हा त्याला ३ महिने निलंबन, एअर इंडिया कंपनीला ३० लाखांचा दंड आणि सहवैमानिकाला ताकीद, का तर गप्प बसला म्हणून. हे मला फार पटलं. तक्रार केबिन क्रूमधल्या एकाने केली होती, साहेबाविरुद्ध. सोपं नसतं हो.

मात्र "मी दमलोय, आज उडवत नाही" असं स्वतःहून सांगणाऱ्यालाही याच तराजूत तोललं, तर उद्या कोण तोंड उघडेल?

शेवटी दोघं वैमानिक बॅगा ओढत आले. काका उठून वास घेता येतो का बघत होते.