विसरलेला हातचा

नववीत असताना गणिताच्या सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात एक संख्या लिहिली, भोवती चौकट आखली आणि खाली 'पुसू नये' असं बजावलं. ४२९४९६७२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. मूळ की संयुक्त, एवढंच सांगायचं. मुदत आठ दिवस, कॅल्क्युलेटर वर्ज्य.

ती आली कुठून हेही सरांनी दाखवलं होतं. २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात घ्या आणि १ मिळवा: ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ. पुढचा बत्तिसावा घात, त्यात १ मिळवला की ही चौकटीतली बाई.

शेवटी ७, म्हणजे २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ गेला. पुढे नुसती हमाली. वहीच्या मागच्या पानांवर ७, ११, १३ करत मी सातशेच्या जवळपास पोचलो आणि 'मूळ असावी' असं लिहून वही दिली. खरं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ६५५३६ पर्यंत जायला हवं होतं. तेवढ्यात साडेसहा हजारांवर मूळ संख्या आहेत!

"असावी?" सर हसले. "फर्मालाही असंच वाटलं होतं." अशा रीतीने येणारी प्रत्येक संख्या मूळच, हा फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा अंदाज १६४० च्या सुमाराचा. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने तो मोडला. या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्यालाच भाग जातो. मी शंभरावर भागाकार केले होते, तेही वाया.

६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १. आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६, दोन चौथ्या घातांची बेरीज. एवढ्यावरून भागाकार न करताही भाग जातो हे सिद्ध होतं, असं सर म्हणाले. ते मला कळायला कॉलेज उजाडलं.

पण मी तर ६४१ पार करून गेलो होतो! सरांनी ते पान उघडायला लावलं. ६ चा भाग, ७ चा भाग, दोन शून्यं, सगळं चोख. मग २६७२ मधून २५६४ वजा. उत्तर १०८, मी लिहिलं होतं ११८. तिथून पुढे बाकी ३५९ आली आणि मी फुली मारून ६४३ कडे वळलो.

भागाकार फळ्यावर पुन्हा केला. ६७००४१७, बाकी शून्य.

ती वही अजून आहे. ११८ भोवती लाल गोल आहे, गुण दिलेले नाहीत, बाजूला सरांच्या अक्षरात एकच शब्द: 'हातचा!'