ताई, टोकांना गाठी मारल्यात का?

दोन वर्षं मी कृत्रिम भिंतीवर चढत होते. तिथं कुठली पकड आपली हे रंग सांगतो, दोर वरून आधीच लावलेला असतो आणि खाली जाड गादी असते. बोटांत ताकद आली, पाय कसा ठेवायचा ते कळलं, आणि आता डोंगरातल्या कातळावर थोडा सराव केला की झालं, असं वाटायला लागलं. म्हणून चौदा दिवसांच्या शिबिरात नाव घातलं. पहिला आठवडा चढाईचा होता, दुसरा तुकडीच्या नेतृत्वाचा. मी गेले होते पहिल्या आठवड्यासाठी. दुसरा त्याच्यासोबत आला म्हणून घेतला.

पहिल्या सकाळी सरांनी आम्हाला कातळाला हातच लावू दिला नाही. सहा जणांची तुकडी ग्रॅनाइटच्या भिंतीसमोर उभी, आणि सांगितलं काय तर नुसतं बघा. फटी कुठून कुठे जातात, पाणी कुठून ओघळतं, खाली ताजे पडलेले दगड कुठे आहेत. मग बोटांच्या पेरांनी कातळ वाजवून बघायला शिकवलं. घट्ट कातळाचा आवाज येतच नाही म्हटलं तरी चालेल, हाडालाच लागतं फक्त. सुटा झालेला पापुद्रा मात्र पोकळ वाजतो, रिकाम्या डब्यासारखा. तो आवाज एकदा कानात बसला की विसरत नाही. आजही मी हात टाकण्याआधी टकटक करते.

मग उताराची गुळगुळीत भिंत, स्लॅब. धरायला काही नाही. भीती वाटली की माणूस कातळाला बिलगतो, आणि बिलगला की पाय सुटतात, कारण अंगाचं वजन तळव्यावरून निघून जातं. अंग कातळापासून दूर ठेवायचं, टाच खाली सोडायची आणि बुटाच्या रबरावर विश्वास टाकायचा. सांगायला दोन वाक्यं, अंगात उतरायला मला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी एका ठिकाणी पाय थरथरायला लागले तेव्हा खालून सर म्हणाले, "श्वास सोड आधी. मग टाच खाली." सोडला. पाय थांबले.

खरी वेगळी गोष्ट होती लीड करणं, म्हणजे दोर खालून वर घेऊन जाणं. वर काहीच लावलेलं नसतं. जाता जाता फटीत आपणच नट किंवा कॅम बसवायचा आणि कॅराबिनरनं, म्हणजे उघडबंद होणाऱ्या धातूच्या कडीनं, दोर त्यात अडकवायचा. नट म्हणजे धातूचा छोटा पाचरीसारखा ठोकळा. खाली निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत तो वरून सरकवायचा, म्हणजे खाली ओढ बसली की आणखी रुतून बसतो. फट समांतर असेल तर तिथं नट टिकत नाही, कॅम लागतो. त्याचे पंखे दांड्यावरचा खटका ओढला की मिटतात, सोडला की फटीच्या दोन्ही भिंतींवर दाबून बसतात. दोन दिवस आम्ही जमिनीवर उभं राहूनच हे बसवत होतो, आणि बसवलेलं प्रत्येक साधन सर हाताला झटका देऊन बघत होते. माझे पहिल्या दिवशीचे निम्मे त्यांच्या हातात आले.

पडण्याचा हिशोबही तेव्हाच कळला. शेवटच्या नटच्या २ मीटर वर असताना सुटलो तर आपण २ मीटर नाही, ४ मीटर पडतो, कारण आधी नटपर्यंत आणि मग तेवढंच त्याच्या खाली. शिवाय दोराचा ताण वेगळा. झटका किती बसणार हे नुसतं किती पडलो यावर ठरत नाही, तो झटका पचवायला किती दोर होता यावरही ठरतं. ४ मीटरचं पडणं २० मीटर दोरावर सोसतं. तेच खालच्या बिलेवरून, म्हणजे जोडीदार आपला दोर धरून असतो त्या जागेवरून, नुकतंच निघालो असताना, मध्ये एकही नट नसताना झालं, तर तिथं फक्त २ मीटर दोर असतो आणि झटका थेट बिले देणाऱ्याला आणि अँकरला, म्हणजे त्याला कातळाशी बांधून ठेवणाऱ्या आधाराला, बसतो. म्हणून निघाल्या निघाल्या पहिला नट. हे गणित मला फार आवडलं, कारण भीतीला त्यानं आकार दिला. नुसती "पडेन" ही भीती होती, ती "इथून पडले तर एवढी पडेन" अशी झाली. तिच्याशी बोलता येतं.

अँकरचंही तसंच. दोन आधारांना बांधलेल्या स्लिंगमधला, म्हणजे मजबूत पट्ट्याच्या फासातला, कोन ६० अंशांचा असेल तर प्रत्येक आधारावर साधारण ५८ टक्के भार येतो. तोच कोन १२० अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण १०० टक्के. म्हणजे दोन आधार असून वाटणी शून्य. सरांनी एक जड सॅक दोराला लटकवली आणि आम्हा दोघींना दोन टोकं धरायला लावली. हात जवळ होते तोवर काही नाही. दूर नेत गेलो तसे खांदे भरून आले. त्यानंतर कोण चुकणार?

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. प्रत्येक चढाईआधी जोडीदारानं तुमची गाठ, हार्नेसचं (कमरेला बांधायच्या पट्ट्याचं) बक्कल, कॅराबिनरचा स्क्रू हात लावून तपासायचा आणि मोठ्यानं बोलायचं. दरवेळी. सरही आमच्यातल्या कुणाला तरी बोलावून स्वतःची गाठ तपासून घ्यायचे. फिगर ऑफ एटची, इंग्रजी आठच्या आकाराची गाठ मी झोपेतही बांधेन, मग कालच आलेल्या मुलानं ती का बघायची? हे मी बोलले नाही, पण चेहऱ्यावर दिसत असणार.

त्या रात्री सरांनी आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराची हकिकत सांगितली. १४ जुलै १८६५, शिखरावर पहिल्यांदा माणसं पोचली. एडवर्ड व्हिंपर आणि आणखी सहा जण, बेत वेगवेगळे, ऐन वेळी एकत्र आलेली तुकडी. उतरताना त्यांतला सर्वांत नवखा, हॅडो, घसरला आणि त्याच्या पुढच्या वाटाड्याला घेऊन खाली गेला. पाठोपाठ आणखी दोघे ओढले गेले. चौथ्या आणि पाचव्या माणसातला दोर तुटला, म्हणून वरचे तिघे वाचले. तो दोर त्यांच्याकडच्या दोरांतला सर्वांत कमजोर होता. चांगला दोर सोबत होता. सरांनी एवढंच विचारलं, "सात माणसं. कुणीच का विचारलं नसेल, हा कुठला दोर?" मला ती इतिहासातली गोष्ट वाटली. झोपून गेले.

दुसऱ्या आठवड्यात रोज एक जण तुकडीचा नेता. माझी पाळी नवव्या दिवशी आली. बेत सोपा होता: एका लांब धारेवरून चढायचं आणि पलीकडच्या भिंतीवरून दोन टप्प्यांत रॅपलिंग करून, म्हणजे दोरावरून घसरत, उतरायचं. मी आदल्या रात्री वेळापत्रक केलं, कुणी काय उचलायचं ते ठरवलं. सकाळी निघताना तुकडीतला सर्वांत लहान, विशीतला मुलगा, जवळ आला. "ताई, एक विचारू का?" मी दोर भरत होते. म्हटलं, "आत्ता नको, उशीर होतोय." तो बरं म्हणाला आणि मागे गेला. हे मला त्या क्षणी लक्षातही राहिलं नव्हतं.

धारेवर आम्ही ठरल्या वेळेच्या पाऊण तास मागे पडलो. दुपारनंतर ढग चढतात हे रोज बघत होतो, आणि त्या दिवशी ते लवकर चढायला लागले. उतरायच्या जागी पोचलो तेव्हा माझं अर्धं लक्ष आभाळाकडे होतं. अँकर नीट बांधला, तो मला आजही पाठ आहे. दोर ६० मीटरचा, म्हणजे मधोमध अडकवला की दोन्ही बाजूंना ३०. खालचा कट्टा २७ मीटरवर. दोराच्या मध्यावर काळी खूण होती. ती मी शोधली नाही. गुंडाळ्याचा साधारण अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे केला आणि "दोर!" असं ओरडून खाली टाकला. दोरावरून हळूहळू उतरवणारा डिसेंडर लावला, खाली प्रुसिकची गाठ बांधली, ओढ बसली की दोराला घट्ट पकडणारी, पहिली मीच उतरणार होते. सुरक्षेची स्लिंग सोडायला हात लावला.

"ताई, टोकांना गाठी मारल्यात का?"

तो मुलगा डावीकडे, जरा पुढे आलेल्या कातळावर स्वतःला अडकवून बसला होता. तिथून खालचा कट्टा दिसत होता, मला अँकरपाशी दिसत नव्हता. आवाज इतका हळू होता की वारा असता तर ऐकू आला नसता. मी थांबले. गाठी मारल्या नव्हत्या. एवढंच असतं तर पुष्कळ होतं, पण तो पुढे म्हणाला, "आणि एक टोक कट्ट्यापर्यंत पोचत नाहीये."

दोर वर ओढला, दोन्ही टोकं एकत्र धरून हातातून सरकवत मध्य शोधला. मध्य सात मीटर सरकला होता. एका बाजूला २३, दुसऱ्या बाजूला ३७. मी उतरत गेले असते, कट्ट्याच्या ४ मीटर वर आखूड टोक डिसेंडरमधून सुटलं असतं आणि मग अख्खा दोर अँकरमधून सरसरत निघाला असता. प्रुसिकनं तिथं काही वाचवलं नसतं, कारण ती गाठ पकडते दोराला, आणि इथं तो दोरच माझ्यासोबत खाली आला असता. टोकाला गाठ असती तर ती डिसेंडरपाशी अडून मी थांबले असते. कट्टा दोन पावलं रुंद होता. त्याच्या खाली भिंतीचा दुसरा टप्पा.

मी दोन्ही टोकांना गाठी मारल्या, त्याला बोलावून तपासायला लावल्या, दोर पुन्हा टाकला. त्यानं कातळावरून बघून सांगितलं की दोन्ही टोकं कट्ट्यावर पडली. मग उतरले. पावसाचे पहिले थेंब आले तेव्हा सगळे खाली होतो.

संध्याकाळच्या आढाव्यात मला वाटलं, आता माझी कानउघाडणी होणार. सर माझ्याकडे वळलेच नाहीत. त्यांनी त्या मुलाला विचारलं, "तुला कधी दिसलं?"

"दोर टाकला तेव्हाच."

"आणि बोललास कधी?"

तो गप्प. मग म्हणाला, "सात-आठ मिनिटांनी. ताई घाईत होत्या. मला वाटलं त्यांना माहीत असेल. आणि सकाळी विचारायला गेलो तर..." पुढे तो बोलला नाही. मीच बोलले. सकाळी तो काय विचारणार होता, ते तिथं सगळ्यांसमोर विचारलं. त्याला विचारायचं होतं की दोराची मधली खूण पुसट झालीय, ती पुन्हा करून घ्यायची का.

सर म्हणाले की त्यांनीही पाहिलं होतं आणि माझ्या स्लिंगला हात लागला तेव्हा ते दोन पावलं पुढे आले होते. मला त्यांनी उतरू दिलंच नसतं. "पण मला बघायचं होतं, तुकडीतून कोण बोलतंय. मी नसेन त्या दिवशी तेच असणार आहेत."

त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. ४ मीटरचा विचार कमी आणि त्या सात-आठ मिनिटांचा जास्त. गाठ विसरणं ही चूक होती आणि ती कुणाच्याही हातून होईल, म्हणूनच तर तपासणी असते. पण एका माणसाला धोका दिसत होता आणि तो गिळून बसला होता, कारण सकाळी मी चार शब्दांत त्याचं तोंड बंद केलं होतं. कोन, ताण, झटका सगळं मी पाठ केलं होतं. हा भार मोजायला शिकले नव्हते.

दुसऱ्यांदा नेता व्हायची पाळी तेराव्या दिवशी आली. तेव्हा निघायच्या आधी पंधरा मिनिटं काढली आणि प्रत्येकाला एकच विचारलं: आज तुला कशाची काळजी वाटतेय? सर्वांत कमी बोलणाऱ्यापासून सुरुवात केली, कारण अनुभवी माणूस आधी बोलला की बाकीचे त्याचीच री ओढतात. एकीनं सांगितलं की कालपासून गुडघा दुखतोय. एक म्हणाला, काहीच नाही. त्या मुलानं खूण केलेला दोर दाखवला. गुडघ्यामुळे आम्ही वेग तिच्या पावलावर बांधला, तिला पुढून दुसरी ठेवली, मागे नाही. मागे राहिलेला माणूस नेहमी धावतच असतो.

शिखर दोन दोरांच्या लांबीएवढं वर असताना मी तुकडी परत फिरवली. ढगांचा तळ गडद झाला होता, आणि धारेवर विजेच्या वेळी असण्यासारखं वाईट ठिकाण नाही. दोघे जण नाराज झाले, त्यांतल्या एकानं तोंडावर सांगितलं की अजून तासभर सहज मिळाला असता. त्याचं ऐकून घेतलं, पुन्हा सगळ्यांना विचारलं, आणि निर्णय तोच ठेवला. तो तास मिळाला असता की नाही, हे मला आजही माहीत नाही. वीज त्या दिवशी पडली नाही. पाऊसही आला तो तंबूत पोचल्यावर खूप उशिरा. तरी तिथून परत फिरल्याची रुखरुख वाटत नाही.

आता मी नियमित कातळावर जाते, कधी लीड करते, कधी बिले देते. मागच्या वेळी सोबत एक मुलगी होती, तिचा बाहेरच्या कातळावरचा दुसराच दिवस. माझी तपासणी करायला सांगितल्यावर ती संकोचली. मी म्हटलं, हात लावून बघ, घाई नाही. तिनं गाठ बघितली, बक्कल ओढलं, मग बिलेच्या कॅराबिनरपाशी थांबली. "हा स्क्रू उघडा आहे का?" उघडा होता. मी फिरवून बंद केला आणि तिला पुन्हा पहिल्यापासून बघायला लावलं. तिनं या वेळी मोठ्यानं बोलत एकेक गोष्ट तपासली, मान हलवली, आणि मी कातळाला हात लावला.